धुळ्याच्या उन्हात लॉनऐवजी जलपिंपळी (रतवेल): तीन उन्हाळ्यांचा अनुभव

पांझराकाठ, ७ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस गेले. काल शेजारच्या काकूंनी परत विचारलं की तुमच्या अंगणात हे हिरवं काय लावलंय आणि त्याला पाणी किती घालता, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच टाकावं.

आमचं घर देवपूरच्या पुढे. समोर साधारण वीस बाय पंधरा फूट मोकळी जागा, माती काळी, खाली दीड फुटावर पिवळा मुरूम लागतो. घर बांधलं तेव्हा हौसेनं लॉन टाकलं, नर्सरीवाल्याने रोल अंथरून दिले, दोन-तीन महिने एकदम झकास दिसलं. मग मार्च उजाडला. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसाआड, बोअरचं पाणी इतकं खारं की भांड्यांवर पांढरे डाग राहतात. रोज पाणी मागणारं ते लॉन, त्याला द्यायचं कुठून? एप्रिलमध्ये कडेनं पिवळं पडलं आणि मे मध्ये पारा ४४ च्या वर गेला तेव्हा चालताना पायाखाली कुरकुर वाजायचं. पाऊस पडल्यावर लॉनच्या जागी लव्हाळा आणि गाजर गवत. पुढच्या वर्षी परत टाकलं, परत तेच. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणे पाणी कमी पडतंय. ते मलाही दिसत होतंच.

२०२२ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले. माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी, फडाचं गाव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फड म्हणजे नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाला चाऱ्या, आणि पाणी गावाने मिळून ठरवून घ्यायचं, पाटकरी सोडेल तसं. शेकडो वर्षांची पद्धत आहे ही. तर त्या मे महिन्यात पाट कोरडा ठाक होता, तळाच्या गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्या कोरड्या पाटाच्या दोन्ही कडांना जमिनीला चिकटून हिरवी चटई अंथरल्यासारखी पसरलेली ही जलपिंपळी, वर बारीक बारीक पांढरी फुलं. लहानपणापासून तिच्यावर बसलोय आम्ही, पण कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं बोंड, मध्ये गडद जांभळं, आणि भोवती पांढऱ्या-गुलाबी इवल्या फुलांचं एक कडं, नाकातल्या चमकीसारखं. पुढच्या दिवसांत लक्षात आलं की ते कडं हळूहळू वर सरकतं, खालची फुलं गळतात, वरची उमलतात, आणि बोंड लांबट होत होत पिंपळीसारखं दिसायला लागतं. नावातली पिंपळी तिथूनच आली असणार.

आप्पांना विचारलं हिला कोणी काढत कसं नाही, तर म्हणाले, "हाई वेल पाटनी कड धरी ठेवस, हिले कोनी उपाडत नही."

मग म्हटलं, जी पाटाची कड धरून ठेवते ती माझं अंगण का नाही धरणार.

कसं लावलं ते सांगते. आखाजीहून आल्यावर आधी जागा साफ केली. भरपूर पाणी देऊन माती भिजवली, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबल्या आणि उरलेला मे आणि थोडा जून तसंच ठेवलं. आपल्या उन्हात प्लास्टिकखाली हात ठेववत नाही इतकं तापतं, गाजर गवताचं बी बरंचसं मेलं. लव्हाळा मात्र मेला नाही, त्याच्या गाठी खोल असतात, तो हातानेच काढावा लागला आणि खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून काढते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दादाने अर्धं गोणपाट वेल आणून दिली. वीतभर लांबीचे तुकडे केले, प्रत्येकात तीन-चार सांधे येतील असे, आणि उभे न खोचता आडवे ठेवले, सांध्यावर चिमूटभर माती, वरून अंगठ्याने दाब. एका तुकड्यापासून दुसरा एक फूट. मधल्या जागेत गव्हाचं कुटार (भुसा) पसरलं म्हणजे तण कमी येतं. आठ-दहा दिवसांत सांध्यांना पांढरी मुळं दिसायला लागली.

दसऱ्यापर्यंत निम्मी जागा झाकली. पुढच्या पावसात सगळी. आता तीन उन्हाळे झाले, मे मध्ये आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी देते, तेही बोअरचं. पानं थोडी बारीक होतात, रंग करडा पडतो, पण जमीन उघडी पडत नाही. काळ्या मातीच्या भेगा पडतातच, ते कोणालाच चुकत नाही, पण आधी ज्यात हात जायचा तिथे आता बोट जातं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, जमेल तसं सांगते.


भुसावळ_जंक्शन, ७ जुलै, रात्री १०:२५

ताई एक नंबर लिहिलंय. आमच्याकडे तर तुमच्यापेक्षा दोन डिग्री जास्तच असतं मे मध्ये, क्वार्टरसमोर तीन वर्षांपासून नुसती धूळ आहे, संध्याकाळी वारा सुटला की सगळी घरात. पण एक शंका, तुम्ही वर्णन केलंय ती ब्राह्मी तर नाही ना? आमच्या आईने कुंडीत ब्राह्मी लावलेली ती पण अशीच जमिनीवर पसरते आणि सांध्याला मुळं फुटतात, ती उन्हात दोन दिवसात गेली होती.


पांझराकाठ, ७ जुलै, रात्री ११:०५

@भुसावळ_जंक्शन नाही दादा, ती वेगळी. जलब्राह्मीचं पान जाडसर, गुळगुळीत, कडेला दाते नसतात, आणि फूल एकेकटं येतं, चांगलं बोटाच्या नखाएवढं. जलपिंपळीचं पान पाचरीसारखं, देठाकडे निमुळतं आणि वरच्या अर्ध्या भागालाच दाते, करवतीसारखे. फुलं एकत्र गुच्छात, लांब दांड्यावर. ब्राह्मीला पाय कायम ओले लागतात. हिला ओलं चालतं आणि कोरडंही चालतं, फरक तो आहे. आणायच्या आधी पानाचे दाते बघाच, नाहीतर मेहनत वाया जाईल.


केळीवाला_रावेर, ८ जुलै, सकाळी ६:१०

आमच्याकडे हिला वक्कन म्हणणारे पण आहेत काही. ताई तुमचा अनुभव चांगलाय पण मी दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. आमच्या केळीच्या मळ्यात पाण्याच्या नाल्याकडून ही आत आली, ड्रिपच्या लॅटरल (नळ्या) खाली बारमाही ओल असते तर तिला काय पाहिजे अजून, एका पावसाळ्यात चार ओळी धरल्या. निंदणीला बाया लावल्या तर त्या म्हणे वरून ओढली की तुटते आणि सांध्यावरून परत फुटते. खुरप्याने एकेक सांधा उकरायला लागतो. म्हणून म्हणतो घरापुढे लावा, शेताच्या बांधावर पण चालेल, बांध तर ती भारी धरते, मागच्या वर्षी मोठा पाऊस झाला तेव्हा बाजूवाल्याचा बांध वाहून गेला आणि आमचा जिथे ही होती तिथला राहिला, हे डोळ्याने पाहिलंय. पण भाजीच्या वाफ्याजवळ, ड्रिपजवळ अजिबात नको.

आणि एक, तणनाशक मारून लॉन स्वच्छ ठेवायची सवय असेल तर हिच्यात ते चालणार नाही. रुंद पानाचं तण मारणारं टू-फोर-डी हिलाच मारेल.


पांझराकाठ, ८ जुलै, सकाळी ७:३०

राग कशाचा भाऊ, हे लिहायला हवं होतं मीच. बरोबर आहे तुमचं, पसरते ती. आमच्याकडे कडेनं शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या गाडल्यात सहा इंच, पण हिच्या वेली जमिनीवरून धावतात त्यामुळे फरशी ओलांडून येतातच. फायदा इतकाच की फरशीवर आलेली लगेच दिसते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा विळा घेऊन कडा कापते, अर्ध्या तासाचं काम. ज्याच्याकडे तेवढाही वेळ नाही त्याने लावू नये असं मी स्पष्टच म्हणेन.


अमळनेरची_लेक, ८ जुलै, दुपारी २:१५

ताई माझी मुलं चार आणि सात वर्षांची आहेत, दिवसभर अनवाणी अंगणात. हिच्यात साप-विंचू लपत नाहीत ना? आणि फुलांवर माशा येतात का? मोठ्याला मागच्या वर्षी गांधीलमाशी चावली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता म्हणून भीती वाटते. सासूबाई म्हणतात सिमेंटचा कोबा करून टाका, विषय संपला. पण कोबा मे मध्ये रात्री दहापर्यंत तापलेला असतो, मला नकोच वाटतं ते.


पांझराकाठ, ८ जुलै, दुपारी ४:५०

@अमळनेरची_लेक माशा येतात, खोटं नाही सांगणार, आणि भरपूर येतात. सकाळी ऊन वर आलं की फुलोरी माशी, ती लहान लाल-काळी असते ना, तिचा नुसता गुणगुणाट असतो. मला तो आवाज फार आवडतो, पण अनवाणी मुलांसाठी काळजी घ्यायलाच हवी. मी असं करते की भाचरं सुट्टीला यायच्या आधी खेळायच्या भागातली फुलं विळ्याने छाटून टाकते. फुलं नसली की माशी फिरकत नाही, आणि छाटल्यावर वेल अजून दाट होते. कडेची फुलं ठेवते, माशांनाही काहीतरी हवंच. ज्या मुलाला चावल्यावर जास्त सूज येते त्याला मात्र सकाळच्या वेळी चप्पल घालायला लावाच.

साप-विंचवाचं म्हणाल तर छाटलेली असली की उंची तीन-चार बोटं, गुडघाभर गवतात जसं काही दिसत नाही तसं हिच्यात होत नाही. तरी खानदेशात राहतो आपण, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही हे घरात पक्कं आहे.

कोब्याबद्दल एकदम बरोबर बोललात. आमच्याकडे अर्धा भाग पार्किंगचा कोबा आहे, अर्धा हा. मे मधल्या रात्री खाट टाकायची तर कोणत्या बाजूला टाकायची यावर आता घरात चर्चासुद्धा होत नाही.


सातपुडा_वारा, ८ जुलै, रात्री ८:३०

फार छान धागा. मी वनस्पतीशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो.

शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा, जुन्या पुस्तकांत लिपिया नोडिफ्लोरा सापडेल. कुळ व्हर्बिनेसी, म्हणजे घाणेरीचं. घाणेरीचा गुच्छ आठवा आणि तो दहापट लहान करा, नातं लगेच ओळखू येतं. मात्र घाणेरी अमेरिकेतून आलेली आणि ही आपल्याकडची मूळची, बारमाही. जगाच्या बऱ्याच उष्ण भागांत ही आढळते, नदीकाठ, तळ्याची कड, भातखाचराचे बांध. पुरात बुडते, मग महिनोन् महिने कोरडी राहते. म्हणूनच तुमचं काळ्या मातीचं अंगण तिला परकं वाटलं नाही. खारं पाणीही ती बऱ्यापैकी सोसते.

रावेरच्या भाऊंनी पसरण्याचं लिहिलंय त्यात तथ्य आहे. हिची दक्षिण अमेरिकेतली सख्खी बहीण, फायला कॅनेसेन्स, ऑस्ट्रेलियात मरी-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानात शिरली आणि तिथल्या कुरणांना डोकेदुखी झाली. आपल्याकडे आपली मूळची असताना बाहेरून 'लिपिया' नावाची रोपं मागवायची काही गरज नाही.

आणि हे मनापासून सांगतो, ग्राउंडकव्हर म्हणून नर्सऱ्या सर्रास वेडेलिया देतात, चमकदार हिरवं पान, पिवळं फूल, सिंगापूर डेझी म्हणून. ती मध्य अमेरिकेकडची आहे आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. बागेतून काढून नाल्यात टाकलेले तुकडे तिथेच जगतात आणि मग नाल्याच्या कडेला दुसरं काही उरत नाही. रस्त्याच्या दुभाजकात, सोसायट्यांत ती लावलेली बघितली की वाईट वाटतं, कारण त्याच नाल्याच्या कडेला आपली जलपिंपळी आधीपासून असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

ताई, फुलपाखरं बघितलीत का? पिकॉक पॅन्सी म्हणून एक नारिंगी फुलपाखरू, पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे, त्याच्या अळ्या ज्या झाडांवर वाढतात त्यात ही आहे. पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणी करू नका.


पांझराकाठ, ८ जुलै, रात्री ९:१५

सर, डोळेवालं नारिंगी! हो, आहे की! पावसाळ्यानंतर जमिनीलगत उडत असतात आणि पंख उघडून तापत बसतात. गेल्या वर्षी काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या होत्या, आमच्या ह्यांनी पंप काढला होता, मी म्हटलं राहू द्या, चार पानं खातील. बरं झालं राहू दिल्या.


गच्चीतली_बाग, ९ जुलै, सकाळी ११:२०

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितेय. जळगावला महाबळच्या बाजूला घर, मागे मोठा कडुनिंब, त्याच्या सावलीत काही उगवत नाही म्हणून मागच्या वर्षी ओळखीच्यांकडून हीच वेल आणून लावली. तीन महिन्यांत लांबच लांब काड्या झाल्या, पानं विरळ, फुलं जवळजवळ नाहीतच, मधून माती दिसतच राहिली आणि थंडीत तर लालसर पडून अगदी मेल्यासारखी. मी उपटून टाकली. आता वाचून वाटतंय घाई केली का?

दुसरं म्हणजे त्याआधी मी विष्णुक्रांता मागितली होती, निळ्या फुलांची, तर नर्सरीतून जी आली ती दोन वर्षात लाकडासारखी झाली आणि फुलं मोठी मोठी, आजोळी माळावर पाहिलेली तशी नाहीच. पैसे गेले त्याचं नाही, पण नाव सांगून दुसरं देतात ह्याचा त्रास होतो.


सातपुडा_वारा, ९ जुलै, दुपारी १:०५

@गच्चीतली_बाग जलपिंपळीला ऊन हवं, किमान अर्धा दिवस थेट. सावलीत ती उजेड शोधत लांबते, तुमच्याकडे तेच झालं. थंडीत लालसर होणं नेहमीचं, मेलेली नसते, फेब्रुवारीत परत फुटते. कडुनिंबाखाली तिचा नाद सोडा, तिथे पडलेला पाला तसाच राहू द्या, जमिनीला तोच उत्तम.

विष्णुक्रांतेबद्दल, तुम्हाला बहुतेक ब्लू डेझ नावाची मिळाली. तीही विष्णुक्रांतेच्याच गोतातली, शास्त्रीय नावात दोन्ही इव्हॉल्व्ह्युलसच, पण ही ब्राझीलकडची. आपली माळावरची विष्णुक्रांता अगदी बारीक, फूल शर्टाच्या बटणापेक्षा लहान, आकाशी निळं, सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, पानांवर रेशमी लव. त्यात भर म्हणजे शंखपुष्पी या नावाचा घोळ. कोणी हिला शंखपुष्पी म्हणतं, कोणी पांढऱ्या-गुलाबी फुलाच्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसला, कोणी चक्क गोकर्णाला. त्यामुळे नर्सरीत नाव सांगण्यापेक्षा फूल दाखवलेलं बरं.


नाना_चाळीसगाव, ९ जुलै, सायंकाळी ६:४०

सर्वांना नमस्कार. माझे वय ७१, टाइप करायला वेळ लागतो, समजून घ्यावे.

विष्णुक्रांतेचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या चाळीसगावजवळ अभयारण्यात पाटणादेवी आहे, तिच्या रस्त्याला मुरमाड उतार आहेत तिथे पावसाळ्याच्या शेवटी ही इतकी निळी फुललेली असते की सकाळी आठ वाजता गाडी थांबवावी आणि बघत राहावे. अकरानंतर गेलात तर काहीच दिसणार नाही, सगळी मिटलेली. मी माझ्या घराच्या मागच्या मुरमाच्या भरावावर लावली आहे. ही जलपिंपळीसारखी चटई करीत नाही. सांध्यांना मुळे फुटत नाहीत, त्यामुळे काड्या लावून उपयोग होत नाही, मी तीन वेळा लावल्या, तिन्ही वेळा सुकल्या. मूळ खोल व चिवट, उपटून आणली तर मूळ तुटते आणि रोप मरते. बी गोळा करावे लागते. दिवाळीच्या सुमारास बोंडे वाळतात, बारीक, ती हातात चोळून कागदावर झाडावी. मी ते बी पहिल्या पावसाआधी मुरमावर नुसते विस्कटले, वर माती नाही, खत नाही. पहिल्या वर्षी पाच-सहा रोपे आली. दुसऱ्या वर्षी तीच फुलली व त्यांचे बी पडले. आता चौथे वर्ष, भरावाचा अर्धा भाग तिचा आहे. उन्हाळ्यात वरून वाळल्यासारखी दिसते, बायको म्हणे गेली, पण मूळ जिवंत असते, मृगाच्या पावसाने आठ दिवसात पालवी.

काळ्या मातीत मात्र ती टिकली नाही. पाणी साठले की कुजते. तेव्हा काळी माती असेल तर ताईंची जलपिंपळी, मुरूम असेल तर विष्णुक्रांता, असे माझे मत झाले आहे.

एक विनंती. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणू नये. माझे बी गावच्या माळावरचे आहे.


भुसावळ_जंक्शन, ९ जुलै, रात्री ९:५०

नाना, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आमच्याकडे भर मुरमाचीच आहे खरं तर, वर नुसती चार इंच माती. मग मी दोन्ही करून बघू का, पुढे जलपिंपळी आणि मागे विष्णुक्रांता?

आणि जलपिंपळी आणायची कुठून, तापीकाठी मिळेल का?


नाना_चाळीसगाव, १० जुलै, सकाळी ५:५५

जरूर करा. बी मी पाकिटात देतो, यंदाचे थोडे शिल्लक आहे. चार इंच मातीचे पाणी खाली निचरते की साठते ते आधी बघा. बादलीभर पाणी ओता, अर्ध्या तासाने चिखल असेल तर विष्णुक्रांता नको.


केळीवाला_रावेर, १० जुलै, सकाळी ६:३०

भुसावळवाले भाऊ, तापीकाठी जायची गरज नाही, माझ्या बांधावरून गोणीभर घेऊन जा. मला काढायचीच आहे ड्रिपच्या बाजूची. रविवारी मी मार्केटला येतो, फोन करा मेसेजमध्ये नंबर देतो.


पांझराकाठ, १० जुलै, सकाळी ८:२०

वा, हे बेस्ट झालं. मलाही हेच सांगायचं होतं की पाटाच्या किंवा नदीच्या कडेवरून सरसकट उपटून आणू नका. आप्पांचं वाक्य वर लिहिलंच आहे, ती कड धरून ठेवते. दादाने आणली तीसुद्धा सलग एका जागची नाही, दहा ठिकाणची मूठमूठ तोडलेली, मुळं तिथेच ठेवून. माझ्याकडे आता कडा कापताना दर महिन्याला घमेलंभर निघते, धुळ्यातल्या कोणाला हवी असेल तर घेऊन जा, आधी सांगा म्हणजे ओल्या गोणपाटात ठेवीन.

आणि बांध-पाटाची वेल आणली तर तिच्यासोबत लव्हाळ्याच्या गाठी येतात, लावायच्या आधी पाण्याच्या टबात धुवून घ्या. मी धुतली नव्हती, वर्षभर निस्तरलं.


अमळनेरची_लेक, १० जुलै, दुपारी ३:००

ताई शनिवारी धुळ्याला येणार आहोत नणंदेकडे, मी येऊ का न्यायला? सासूबाईंना तुमचा कोब्याचा परिच्छेद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या आधी बघून येऊ. त्यांना पण घेऊन येते.


पांझराकाठ, १० जुलै, दुपारी ३:२०

यायचंच. सकाळी दहाच्या आत या म्हणजे फुलांवरच्या माशाही बघून होतील, त्यांचीच भीती आहे ना. चहा घेऊनच जायचं.


पाटकाठचा, १२ जुलै, रात्री १०:१०

ताई, तुम्हनं लिखेल वाचीसन भारी वाटनं. मी बी साक्रीकडलाच, आते नाशिकले कंपनीमा शे. आम्हना पाटना काठे हाई वेल इतली शे का कोनी दखत बी नही. धाकलपने ढोरं चाराले जाऊत तवय हिन्हावरच बसूत, तठे चिखल लागे नही. हिले फूल येस हाई माले आज समजनं. गावले जाईसन पहिले तेच पाहसू.


भुसावळ_जंक्शन, ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

अपडेट द्यायचा होता. केळीवाल्या भाऊंकडून दोन गोण्या आणल्या, टबात धुतल्या, लव्हाळ्याच्या गाठी खरंच निघाल्या, मूठभर तरी. १५ जुलैला लावली. ऑगस्टमध्ये पाऊस ताणला तेव्हा कडेच्या पंचवीस-तीस काड्या गेल्या, चूक माझी, तिकडे कुटार टाकलंच नव्हतं. बाकीची धरली. आज मोजलं तर सगळ्यात लांब वेल सव्वादोन फूट गेलीये आणि परवापासून फुलं आहेत, बायकोने चष्मा लावून बघितली ती चमकी. धूळ अजून येते घरात पण निम्म्याने कमी.

नाना, तुमचं बी मागच्या भरावावर टाकलं होतं. बादलीचं पाणी दहा मिनिटात मुरलं म्हणून टाकलं. चार रोपं आलीयेत, पानांवर लव आहे, फूल नाही अजून. तीच आहे ना कशी ओळखू?


नाना_चाळीसगाव, ५ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

पान बोटात धरून उजेडाकडे तिरपे करा. कडेला चांदीसारखी चमक दिसली तर तीच. फांद्या मधल्या मुळापासून चहूबाजूंना जमिनीलगत निघाल्या असतील. शेळ्यांपासून जपा, पहिल्या वर्षी एकदा खाल्ली तर परत येत नाही. फूल बहुधा पुढच्या पावसाळ्यात.


भुसावळ_जंक्शन, ५ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आताच बघून आलो. चमकतंय नाना. चारही. भोवती विटा लावल्यात.